चार लाइनींचं डायल-अप: आधी इंटरकॉम, मग मोडेम

आधी इंटरकॉम शोधा, म्हणजे इमारतीतले फोन आतल्या आत जोडणारं छोटं एक्स्चेंज. मोडेम नंतर. डायल-अप, म्हणजे फोनवर नंबर फिरवून लागणारं इंटरनेट, म्हटलं की लोक पहिल्यांदा मोडेम (संगणकाची माहिती आवाजात बदलून फोनवरून पाठवणारे डबे) गोळा करतात, मग ते टेबलावर मांडून विचारतात, "आता फोन कुठे लावायचा?" घरी तांब्याची लाइन उरलेली नसते. असली तरी तिला हात लावू नका, कारण आपल्याला बाहेरची लाइन नकोच आहे.

हे लिहायचं निमित्त असं. ओळखीचे एक प्राध्यापक पॉलिटेक्निकमध्ये आहेत. प्रदर्शनात विद्यार्थ्यांना जुनं इंटरनेट चालू अवस्थेत दाखवायचं, असं त्यांच्या मनात आलं. व्हिडिओ नको, खरा फोन फिरवून खरा जोड लागला पाहिजे. ते माझ्याकडे आले, कारण २००० साली इचलकरंजीत आम्ही तिघांनी मिळून 'क' वर्गाचा परवाना घेऊन डायल-अप सेवा चालवली होती. सोळा लाइनी, एक खोली आणि खाली सुताचं गोदाम. त्या वेळी पैसे घालवून जे शिकलो ते या चार लाइनींच्या खेळातही जसंच्या तसं लागू पडलं. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

परवान्याचं आधी. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणानं ते खाजगी लोकांना खुलं झालं. 'अ' वर्ग म्हणजे सगळा देश, 'ब' म्हणजे एक टेलिकॉम सर्कल किंवा महानगर, आणि 'क' म्हणजे एक एसएसए, ढोबळमानानं एक जिल्हा. 'क' साठी तीन लाखांची बँक गॅरंटी होती. पहिली पाच वर्षं परवाना शुल्क माफ आणि पुढे वर्षाला एक रुपया. त्या एक रुपयाला भुलून आमच्यासारखे बरेच जण उतरले. आजही बाहेरच्या माणसाला पैसे घेऊन इंटरनेट द्यायचं तर परवान्याचा प्रश्न येतोच. तेव्हा हा खेळ आपल्या चार भिंतींत, आपल्याच इंटरकॉमवर ठेवा.

आता इंटरकॉम. लॉज, दवाखाने, जुनी कार्यालयं मोबाइलवर गेली तसे हे डबे भंगारात आले. ३+८ म्हणजे बाहेरच्या तीन लाइनी आणि आतले आठ फोन. आपल्याला आतलेच आठ हवेत: चार सर्व्हरच्या मोडेमना, तीन विद्यार्थ्यांच्या टेबलांवर आणि एक साध्या फोनला. हा आठवा फोन चैनीचा वाटेल, पण पुढे तोच वाचवतो. घेताना साधा फोन बरोबर न्या. प्रत्येक एक्स्टेन्शनवर लावून टोन येतो का, दुसऱ्यावरून फिरवल्यावर घंटा खणखणीत वाजते का ते पाहा. आठपैकी दोन मेलेली असणं नेहमीचंच, भाव त्यावरच पाडायचा. आणि प्रोग्रॅमिंगचं पुस्तक मागाच. पुस्तक नसेल तर तो डबा माझ्या लेखी अर्ध्या किमतीचा. कारण दोन गोष्टी त्यातूनच करायच्या आहेत: एक, कॉल वेटिंगचा 'टूं' बंद करणं. चालू जोडात तो एकदा वाजला की मोडेम गडबडलाच. दुसरी हंटिंग.

हंटिंग म्हणजे एकच नंबर फिरवायचा, पहिली लाइन गुंतलेली असेल तर फोन आपोआप दुसरीवर, मग तिसरीवर. टेलिफोन खात्याकडून लाइनी घेतानाही आम्ही हेच मागितलं होतं. सेवा देणाऱ्याच्या दृष्टीनं याहून मोठी सोय नाही, आणि याहून मोठा घातही नाही. समजा तिसरा मोडेम अडकला. लाइन एक्स्चेंजला मोकळी दिसते, म्हणून एक्स्चेंज तिकडे घंटा पाठवतं, मोडेम काही उचलत नाही. पहिल्या दोन लाइनी भरल्या की पुढचा प्रत्येक माणूस त्या तिसऱ्यावरच आदळतो. मागचे तेरा मोडेम रिकामे बसलेत आणि गावभर बोंब, की "नुसती रिंग वाजते." पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी त्या मोडेमची वायर उपटून टाकली. उपयोग शून्य, कारण वायर काढलेली लाइनही एक्स्चेंजला मोकळीच दिसते. शेवटी लाइनमन काकांनी शिकवलं: त्या लाइनीवर साधा फोन लावा आणि रिसीव्हर उचलून बाजूला ठेवा. लाइन 'बिझी' झाली, हंटिंग तिला ओलांडून चौथीवर गेलं. तेव्हापासून रॅकशेजारी एक फोन कायम पडून असे. तुमच्या आठव्या एक्स्टेन्शनवरचा फोन त्यासाठीच.

इंटरकॉम मिळालाच नाही तर आजचा रस्ता म्हणजे दोन फोन लावता येतील असे व्हीओआयपी (नेटवर्कवरून फोन) अडॅप्टर आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क. चालतं, पण मोडेमचा आवाज म्हणजे बोलणं नव्हे. कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत, जी.७११ ए-लॉ च ठेवा, इको कॅन्सलेशन बंद, शांततेत पाकिटं गाळणारी सोय बंद, जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटं सांभाळणारी साठवण) स्थिर, आणि सगळं वायरनं एकाच स्विचवर. वाय-फायवर मुळीच नाही. माणसाला एखादं पाकीट हरवलेलं कळतही नाही, मोडेम मात्र तिथेच थांबून पुन्हा सूर जुळवायला लागतो. माझं मत विचाराल तर जुना इंटरकॉम शंभर पटीनं बरा.

मोडेम घ्यायचा तो बाहेरचा, सिरियल पोर्टचा, पुढे दिवे असलेला. संगणकाच्या आत बसणारी जी कार्डं शेवटी शेवटी स्वस्तात मिळायची ते बहुतेक 'विनमोडेम'. त्यांचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो. लिनक्स सर्व्हरला त्यांचा उपयोग नाही. नवा हवाच असेल तर यूएस रोबोटिक्सचा ५६३७ हा यूएसबी मोडेम खराखुरा मोडेम आहे, लिनक्सला सरळ कळतो. पण त्याला प्रदर्शनात दाखवण्यासारखे दिवे नाहीत, आणि मुलं बघतात ते दिवेच.

जुना मोडेम विकत घेताना त्याचा अडॅप्टर बरोबर घ्या आणि त्यावरची अक्षरं वाचा. बरेच बाहेरचे मोडेम ९ व्होल्ट एसीवर चालतात, डीसीवर नाही. घरातला राउटरचा अडॅप्टर पिनला बसतो म्हणून खुपसू नका. झाकण उघडता येत असेल तर कपॅसिटर फुगलेत का पाहा. वीस-पंचवीस वर्षांत फुगतातच. बदलणं अवघड नाही, दुरुस्तीवाला चहा पिता पिता करून देतो. चारही मोडेम एकाच कंपनीचे, एकाच चिपचे मिळाले तर सोनं. वेगवेगळ्या जातीचे मोडेम बोलतात एकमेकांशी, पण एखाद्या जोडीचं काही केल्या जमत नाही, आणि मग दोष लाइनीत आहे की मोडेममध्ये हे शोधण्यात रविवार जातो.

तारेबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती तिथेच झाली.

बाहेरच्या मोडेमला पंचवीस पिनांचं सॉकेट, संगणकाला नऊ पिनांचं. तयार केबल महाग, म्हणून मी सोळा केबल स्वतः झाळल्या. हाताशी सहा धाग्यांची वायर होती. पाठवणं, घेणं, थांब-चल सांगणाऱ्या दोन, जमीन (ग्राउंड) आणि डीटीआर (सर्व्हर तयार आहे हे मोडेमला सांगणारी), असे सहा धागे संपले. राहिली कॅरिअर डिटेक्ट, म्हणजे समोरचा माणूस लाइनीवर आहे की फोन ठेवून गेला हे सर्व्हरला सांगणारी. पंचवीसमध्ये ती ८ नंबर, नऊमध्ये १ नंबर. मी काय केलं, संगणकाच्या टोकाला १ आणि ४ (डीटीआरची) या पिना टोपणातच जोडून टाकल्या. सर्व्हरला वाटणार माणूस कायम आहेच. चालू करून पाहिलं, जोड लागला, पान उघडलं. वा! सोळाच्या सोळा तशाच केल्या.

आठवड्यानं एक डॉक्टर आले. शंभर तासांचं खातं घेतलेलं, वापर जेमतेम रोज अर्धा तास, आणि खात्यातले चाळीस तास गायब. नोंदी पाहिल्या तर रात्री दहाला आलेले डॉक्टर सकाळी सातपर्यंत 'चालू'. त्यांनी फोन ठेवला होता, मोडेमला ते कळलंही होतं, पण सर्व्हरपर्यंत सांगणारी तारच नव्हती. मीटर फिरतच राहिलं. वर तो पोर्ट सर्व्हरच्या लेखी भरलेला, त्यामुळे पुढच्याचा फोन कोणी उचलायचं नाव नाही. वर सांगितलेला अडकलेला तिसरा मोडेम तो हाच! दोन वेगळी दुखणी म्हणून आठवडाभर शोधत होतो, मूळ एकच निघालं: दोन इंच वायर वाचवली ते. डॉक्टरांचे तास परत केले, आणि त्या रात्री बसून सोळा केबल पुन्हा झाळल्या, आठ धाग्यांच्या.

म्हणून तार सगळ्या पिनांची, सरळ. दोन संगणक जोडायची उलटसुलट केबल दिसायला तशीच असते, तीही घेऊ नका. मोडेमला 'अँड सी१' (&C1) आणि 'अँड डी२' (&D2) या दोन आज्ञा देऊन ठेवा. पहिलीनं कॅरिअरची खरी अवस्था तारेवर येते, दुसरीनं सर्व्हरनं डीटीआर सोडली की मोडेम फोन ठेवतो. तपासायची रीत सोपी आहे: जोड लावा, विद्यार्थ्याच्या बाजूची फोनची वायर ओढा, आणि सर्व्हरच्या मोडेमवरचा सीडी (कॅरिअर डिटेक्ट) दिवा आणि सर्व्हरवरची नोंद दोन्ही विझतात का पाहा. दिवा विझला आणि नोंद राहिली तर तार चुकली.

सर्व्हर कुठलाही चालतो. खरंच. २००० साली आम्ही सर्व्हरवर बराच पैसा घातला आणि तो दिवसभर झोपा काढायचा. चार लाइनींना तर कचऱ्यातला संगणक पुरे. महत्त्वाचा तो सिरियल पोर्ट. त्यात १६५५० जातीची चिप हवी, तिच्यात सोळा अक्षरांची साठवण असते. त्याआधीच्या चिपमध्ये एकच अक्षर मावतं, वेग वाढला की अक्षरं सांडतात. आज चार पोर्टांचं पीसीआय कार्ड किंवा चांगल्या चिपचे यूएसबी-सिरियल अडॅप्टर घ्या. सोळा लाइनींसाठी आम्ही मल्टिपोर्ट कार्ड घेतलं होतं. फोन उचलायला एमगेटी, पुढचा संवाद करायला पीपीपीडी, दोन्ही लिनक्समध्ये आजही मिळतात.

तपासणीच्या वेळी, एमगेटी चालू करायच्या आधी, हातानं जोड लावून पाहा. सर्व्हरच्या मोडेमला एस० बरोबर १ द्या, म्हणजे एका घंटेत तो स्वतः फोन उचलेल. एमगेटी आली की ते पुन्हा शून्यावर आणा, उचलायचं काम तिचं. विद्यार्थ्याच्या मोडेमनं 'नो डायलटोन' असं म्हटलं तर घाबरू नका. आपला इंटरकॉमचा टोन त्या परदेशी मोडेमला टोन वाटतच नाही. एटीएक्स३ दिलं की तो टोनची वाट न पाहता फिरवतो. २००० साली निम्म्या गिऱ्हाइकांच्या घरी मी हीच आज्ञा टाकून चहा पिऊन आलोय.

वेगाबद्दल आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं विचारतील: मोडेमवर ५६के लिहिलंय, मग वेग सेकंदाला ३३,६०० बिटांच्या (३३.६के) वर का जात नाही? आमची गिऱ्हाइकंही हेच विचारायची, जरा चढ्या आवाजात. एक्स्चेंज तुमच्या आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतं आणि प्रत्येकाला आठ बिटांत बसवतं. त्या बसवण्यात थोडी काटछाट होते, आणि ती काटछाट म्हणजेच गोंगाट. दोन्ही टोकांना साधी तांब्याची लाइन असेल तर हा फटका दोन्ही दिशांना बसतो आणि मर्यादा ३३.६ ला येते. १९९८ च्या व्ही.९० या मोडेम-मानकात युक्ती अशी, की सेवा देणाऱ्याची बाजू थेट डिजिटल ठेवायची. मग उतरणाऱ्या माहितीत काटछाट नाही, वेग ५६ पर्यंत. चढणारी मात्र ३३.६ च. म्हणजे ५६के विकायचं तर मोडेमचा ढीग कामाचा नाही. एक्स्चेंजकडून ई-१ घ्यावी लागते, २.०४८ मेगाबिटची एक जोडणी, तिच्यात तीस कॉल, आणि ते घेणारा रिमोट अ‍ॅक्सेस सर्व्हर, ज्याच्या पोटातच डिजिटल मोडेम असतात. आम्ही सुरुवातीला सोळा साध्या लाइनी घेतल्या त्या स्वस्त म्हणून. आज पुन्हा करायचं असतं तर पहिल्या दिवशी ई-१ घेतली असती, सर्व्हर सेकंडहँड घेतला असता. टेबलावरच्या खेळात ई-१ नाही, आणि छोट्या इंटरकॉमवर ३१,२०० मिळालं तर खूश राहा. माझ्याकडे चारपैकी तीन जोड्या तिथेच थांबल्या.

लाइनी किती घ्यायच्या? धंद्यात तेव्हा दहा गिऱ्हाइकांमागे एक लाइन असा ठोकताळा होता. सोळा लाइनी, दीडशे खाती, त्यापुढे संध्याकाळी जेवणं झाली की एंगेज टोन. वरचा पाइप, म्हणजे आमचा बाहेरच्या इंटरनेटशी जोड, सेकंदाला ६४ किलोबिटचा होता. सोळा गुणिले ३३.६ म्हणजे जवळपास ५३८, तरी तो पुरायचा. कारण माणूस पान उघडतो आणि वाचत बसतो, लाइन तेवढा वेळ रिकामीच असते. शिवाय मध्ये स्क्विडची कॅश होती. एकानं उघडलेलं पान दुसऱ्याला घरातूनच मिळायचं. काही न करता पंधरा मिनिटं बसून राहिला की जोड तोडायचा, हा नियमही ठेवला होता. प्रदर्शनात तीन टेबलं आणि चार लाइनी म्हणजे श्रीमंती. उलट मी एकदा मुद्दाम दोन लाइनी 'बिझी' करून तिसऱ्या मुलाला एंगेज टोन ऐकवला. तोही अनुभव मिळायला हवा.

वायरिंगला आळस करू नका. चार लाइनी एकाच चपट्या वायरीतून नेल्या तर एकीचं बोलणं दुसरीत झिरपतं. पिळलेली जोडी घ्या, म्हणजे साधी लॅनची केबल, एका जोडीला एक लाइन. विजेच्या वायरीपासून लांब. इचलकरंजीत एका गिऱ्हाइकाची ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी फोनची वायर) मागांच्या शेडवरून, तीन फेजच्या केबलला चिकटून गेली होती. माग चालू असले की जोड लागायचा नाही, शुक्रवारी वीज बंद असली की उत्तम लागायचा (संगणक बॅटरीवर). लाइन ऐकून पाहायची पद्धत अशी: साधा फोन उचला, एक आकडा दाबा, टोन थांबेल. मग कान लावा. नुसती शांतता हवी. खरखर, गुणगुण, दुसऱ्याचं बोलणं, काहीही ऐकू आलं तर आधी ते काढा, मोडेमच्या आज्ञा बदलत बसू नका.

वीज आणि उष्णता. सोळा मोडेम एकावर एक रचले तेव्हा वरचे तीन दुपारी बेशुद्ध पडायचे. एका बेकरीवाल्याकडून ट्रे ठेवायची जाळीची लोखंडी मांडणी आणली, एका खणात दोन मोडेम, मागे पंखा. प्रश्न मिटला. तुमच्या चारांमध्येही दोन बोटं जागा सोडा. अडॅप्टर जाडे असतात, एक्स्टेन्शन बोर्डाचं एक सॉकेट सोडून एक वापरावं लागेल हे आधी मोजा. बाहेरच्या लाइनी असलेल्यांना अर्थिंग हा वेगळाच विषय होता. आम्ही कोळसा-मीठ घालून खड्डा केला होता, पण लाइनींवर सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारे) बसवायचं 'पुढच्या महिन्यात' ठेवलं. मे महिन्यातल्या वळवाच्या एका दुपारी पाच मोडेम गेले, सगळे फोनच्या बाजूनं. विजेच्या बाजूला यूपीएस होता, तो शाबूत. इंटरकॉम चार भिंतींत असेल तर ही भीती तुम्हाला नाही.

शेवटी दाखवायचं काय? ३१,२०० म्हणजे सेकंदाला जेमतेम चार केबी. आजचं दोन एमबीचं पान उघडायला आठ मिनिटं लागतील, आणि विंडोज ९८ चा ब्राउझर आजच्या सुरक्षित जोडणीशी बोलूच शकत नाही. सर्व्हरवरच छोटी पानं ठेवा, मेल ठेवा, एक वीस केबीचं छायाचित्र ठेवा, जे वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी उतरताना दिसेल. आमच्या प्रदर्शनात गर्दी त्या छायाचित्रापुढेच होती. नाक दिसेपर्यंत कोण आहे यावर पैजा लागत होत्या.

मोडेमचा स्पीकर एम१ वर ठेवा, जोड लागेपर्यंत वाजतो आणि मग गप्प होतो. आवाजासाठी एल३. दुसऱ्या दिवशी दुपारी प्राध्यापक येऊन एम० करायला सांगून गेले. भिंतीपलीकडे ग्रंथालय होतं.